माझ्या अंगावरची मासोळी

मी एक बाटली बोलतेय. पांढरी, प्लास्टिकची, हिरव्या झाकणाची. सध्या माझ्या पोटात मेथीचं बी आहे आणि वर्ध्याजवळच्या नालवाडीच्या टोकाला, बापूरावांच्या घरच्या खिडकीत मी उभी असते. पण मेथीसाठी माझा जन्म झाला नव्हता. माझ्या अंगावर एक मासोळी होती. ती कुठे गेली आणि जाताना काय काय घेऊन गेली, ते मला सांगायचंय.

सांगायला उशीर झाला आहे. पण बाटलीला तोंड नसतं. माणसं वाचतील तेव्हाच आम्ही बोलतो.

माझ्या पोटातलं तेल माझ्यापेक्षा लांबून आलं होतं. पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, थंड समुद्रात, बोटाएवढ्या माशांच्या झुंडी फिरतात. जाळं ओढलं की त्यांच्यातला एकही वेगळा राहत नाही. त्यांना उकडतात, पिळतात, तेल गाळतात. ते तेल पिंपांत भरून आपल्या देशात आलं. एका कारखान्यात त्याचे पिवळे, आरपार दिसणारे थेंब मऊ आवरणात बंद झाले. ते आवरणही कुठल्या तरी जनावराच्या हाडाकातड्यापासून केलेलं.

यातलं काहीच मी लपवलं नव्हतं. समोर मोठ्या अक्षरांत 'फिश ऑइल' होतं, त्याखाली हजाराचा आकडा आणि पाण्यातून उसळी घेणारी रुपेरी मासोळी. मांसाहारी पदार्थावर असते ती तपकिरी खूणही होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बाकीचं सगळं होतं. हजार मिलिग्रॅम हे एका कॅप्सूलमधल्या सगळ्या तेलाचं वजन. त्यातलं ओमेगा थ्री, म्हणजे ज्याच्यासाठी लोक हे तेल घेतात तो भाग, तिसऱ्या हिश्श्याच्याही आत. त्याखाली आणखी बारीक अक्षरांत, हे औषध नाही आणि कोणताही आजार बरा करण्यासाठी नाही, असंही लिहिलं होतं.

बढाई मोठ्या अक्षरांत आणि खरं बारीक अक्षरांत, अशी माझी घडण. ती मी ठरवली नव्हती. पण खरं माझ्या अंगावर होतं, एवढं लक्षात ठेवा.

वर्ध्यातल्या एका मेडिकलच्या दर्शनी काचेत मला जागा मिळाली. एका बाजूला प्रोटीनचे डबे, दुसऱ्या बाजूला केस वाढवायचं तेल. वर एक दिवा, म्हणजे आम्ही चमकत राहू. माझ्याच कुळातली एक स्ट्रिप मात्र आतल्या खणात असायची. तीही माशाच्याच तेलाची. पण तिचं तेल पुन्हा पुन्हा शुद्ध करून त्यातलं कामाचं तेवढंच जवळजवळ शिल्लक ठेवलेलं, आणि तिची तपासणी औषधाची. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती बाहेर निघायची नाही. तिच्यावर चित्र नव्हतं, दिवा नव्हता, एक अवघड नाव तेवढं होतं.

काचेतून मी माणसं पाहिली. मला त्यांचा राग यायचा, अजूनही येतो. "ताकदीचं काही द्या," म्हणत लोक येत आणि आमच्यातलं जे जास्त चमकेल त्याकडे बोट दाखवत. मागची बाजू कोणी फिरवून बघत नसे. चिठ्ठीवर मिळतं ते आजाराचं आणि भीतीचं, काचेतून मिळतं ते तब्येतीचं आणि निर्धोक, असा हिशेब लोकांनी मनात पक्का केलेला. खणातल्या स्ट्रिपला घ्यायला येणारी माणसं मान खाली घालून येत. मला घेणारी हसत येत.

वैभव मान खाली घालून आला होता.

हा बापूरावांचा एकुलता एक मुलगा. शेतीची पदवी घेतलेला, देवळीच्या रस्त्यावरच्या एका कृषी केंद्रात काउंटरवर बसणारा. बापूराव आणि त्यांची बायको चतुराबाई नालवाडीपलीकडच्या मळ्यात वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मुळा काढतात आणि वर्ध्याच्या बाजारात विकतात. वैभव दुकानात आला त्याच्या महिनाभर आधी बापूरावांच्या पोटात अशी कळ आली की ते वाफ्यातच आडवे झाले. स्वादुपिंडाला सूज होती. रक्त काढून नळीत ठेवलं तर त्यावर दुधासारखी साय धरली, इतकी त्या रक्तात चरबी होती. डॉक्टरांनी चरबी उतरवायची गोळी दिली, कडक पथ्य दिलं आणि सोबत ही स्ट्रिप दिली: सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पुन्हा असा झटका आला तर माणूस हाती लागेलच असं नाही, असंही त्यांनी वैभवला बाजूला घेऊन सांगितलं. हे सगळं मला पुढे त्या घरातल्या बोलण्यातून कळलं.

त्या दिवशी स्ट्रिप संपलेली होती. माल दोन दिवसांनी येईल, असं दुकानदार म्हणाला. वैभवनं दुसरीकडे कुठे मिळते का ते पाहायला स्ट्रिपचं ते अवघड नाव मोबाइलवर टाकलं आणि वाचता वाचता त्याचा चेहरा उतरला. हे माशाचं तेल आहे, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

बापूराव महानुभाव पंथाचे. तरुणपणीच उपदेश घेतलेला. त्यांच्या घरात अंडं आलेलं नाही. लग्नातल्या जेवणात ते वाढणाऱ्याला विचारतात, हा चमचा दुसऱ्या कशात तर बुडवला नव्हता ना. आणि हा माणूस महिनाभर, दिवसातून दोनदा, माशाचं तेल गिळत होता. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं, घरच्यांना माहीत नव्हतं.

वैभवनं तिथेच वडिलांना फोन लावायला हवा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं.

दुकानदार म्हणाला, तेलच पाहिजे ना, हे पण तेच आहे, यावर तर हजार लिहिलंय, जिमची पोरं रोज एक खातात, काही अपाय नाही. चिठ्ठीही लागत नाही आणि त्या स्ट्रिपइतकं महागही नाही. वैभवनं मला उचललं. मागून फिरवलं नाही. दिवसभर काउंटरवर बसून शेतकऱ्यांना जो सांगतो, काका, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका, फवारणीआधी लेबल वाचा, मात्रा बघा, त्या मुलानं मला पुढूनच पाहिलं आणि पिशवीत टाकलं.

घरी मला आधी पाहिलं मंजुषानं, वैभवच्या बायकोनं. पिशवीतून काढताना तिच्या हाताला मी जड लागले आणि तिनं झटकन पदराखाली घेतलं.

"याच्यावर मासोळी हाय," ती हलक्या आवाजात म्हणाली.

"माहीत हाय मले."

"मामाजीनं पाह्यलं तं?" सासऱ्यांच्या नावानं तिचा आवाज आणखी उतरला.

"चित्र काढून टाक. चित्र नाई तं मासोळी नाई."

"सांगून काऊन नाई देत त्याहिले?"

"सांगतलं तं घेणार नाईत," तो म्हणाला. "अन् नाई घेतलं तं काय होईन, ते तुले ठाऊक हाय."

मंजुषानं मला कोमट पाण्यात बुडवलं. कागद फुगला तशी नखांनी सोलला, मग घासणीनं घासला. मासोळी आधी गेली, तिच्यामागे तपकिरी खूण गेली. घासता घासता मागची बाजूही निघाली. तिसऱ्या हिश्श्याची ती ओळ, औषध नसल्याची ती ओळ, सगळं लगदा होऊन मोरीत वाहून गेलं. तिनं मला पदरानं पुसून चहासाखरेच्या डब्यांशेजारी ठेवलं तेव्हा मी कोरी होते. दुकानात लोक मला वाचत नव्हते, इथे मी वाचण्यासारखी उरलेच नाही.

बापूरावांना सांगण्यात आलं की डॉक्टरांनी कंपनी बदलली, आता गोळ्या वेगळ्या, या ताकदीच्या गोया. त्यांनी विश्वास ठेवला. मुलगा शिकलेला, सून शिकलेली. रोज जेवणानंतर ते हात धुऊन यायचे, तळहात पुढे करायचे आणि मंजुषा त्यावर एक कॅप्सूल ठेवायची. एकच, कारण जिमची पोरं एकच खातात, असं दुकानदार म्हणाला होता. स्वस्तात तेच मिळतंय म्हणून स्ट्रिप आणायला कोणी पुन्हा गेलं नाही. स्ट्रिपच्या चार कॅप्सूलचं काम माझी एक करू लागली. आणि माझ्या एकीत तर त्यांच्या एकीच्या निम्मंही बळ नव्हतं. तळहातावर ठेवली जाताना तिनं ओरडावं, असं मला वाटायचं.

पुढचं नुकसान मी होते म्हणून झालं. पहिल्या महिन्यात पथ्य कडक होतं. चतुराबाई भाजीला फोडणीऐवजी नुसतं जिरं टाकत, चहात साखर नसे. मी घरात आले आणि हळूहळू हात सैल झाले. तेलाच्या गोया सुरू आहेत, त्या आतली चरबी कापतात, मग एखाद दिवशी काय बिघडतं. बापूराव बाजारातून येताना तर्री पोहे खाऊन येऊ लागले. तोंडाच्या कडेला लाल तेल तसंच असायचं.

आणि ढेकर यायची. माझ्या तेलाची ती खोड आहे, पोटात गेलं तरी ते आपली ओळख वर पाठवतं.

"हे ढेकर काऊन अशी वास मारून राह्यली वो?" एकदा ते ओट्यावर बसून म्हणाले.

"बाजारातले पोहे बोलून राह्यले तुमचे," चतुराबाई आतून म्हणाल्या. "तोंडाले खोटं बोलता येते. तुमची ढेकर खरी निंगाली."

बापूराव ओशाळून हसले. मंजुषा हसली नाही. ती माझ्याकडे पाठ करून भांडी लावत राहिली.

पावसाळा संपून वांग्याचा हंगाम भरात आला होता. एका सकाळी बाजारात, वांग्याची टोपली उतरवतानाच बापूराव पोट धरून खाली बसले. शेजारच्या भाजीवाल्यानं त्यांना गाडीत घातलं. कळ तीच होती, मागच्यापेक्षा जोराची. नळीतल्या रक्तावर पुन्हा साय होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी वैभवला विचारलं, औषधं चालू होती ना? चालू होती, तो म्हणाला. तेलाची कॅप्सूल? तीही रोज. मग रक्त असं कसं, असं म्हणत डॉक्टरांनी सगळी औषधं घेऊन यायला सांगितलं. मंजुषा घरी आली, मला रुमालात गुंडाळलं आणि नेलं.

डॉक्टरांनी मला हातात घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला फिरवून मागची बाजू पाहिली. तिथे काही नव्हतं.

"ही मी दिलेली नाही," ते म्हणाले. "हिचं लेबल कुठे आहे?"

बापूराव पलंगावर होते, हाताला सलाइन, डोळे मिटलेले. जागे आहेत की नाही ते कळत नव्हतं. त्यांच्यासमोर बोलायचं नाही म्हणून वैभव डॉक्टरांना बाहेर चला म्हणत होता. तेव्हा मंजुषा बोलली. तिथेच, पलंगाच्या पायाशी उभी राहून.

"लेबल मी काढलं. त्याच्यावर मासोळी होती. मामाजी मासोळीचं घेणार नाईत म्हून काढलं."

बापूरावांनी डोळे उघडले.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली आणि सगळं उलगडून सांगितलं. आकडा सारखा दिसला तरी माझ्यातलं आणि स्ट्रिपमधलं कामाचं तेल सारखं नाही. धडधाकट माणूस हौसेनं घेतो ते वेगळं आणि आजारासाठी मोजून दिलेलं वेगळं. माझ्या कॅप्सूल वाढवूनही ते जुळवायचं नाही, कारण कामाच्या तेलासोबत नको असलेली चरबीही तेवढीच पोटात जाते. आणि मोठ्या मात्रेत हे तेल काहींच्या हृदयाचे ठोके बिघडवतं, म्हणून त्यावर डॉक्टरांची नजर लागते.

बापूराव ऐकत होते. "म्हंजे पाल्यासकट तोललेला मुळा," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"तसंच," डॉक्टर म्हणाले. "बापूराव, स्ट्रिपमधलंही माशाचंच आहे. लिहून देण्याआधी मी तुम्हाला विचारायला हवं होतं. विचारलं नाही."

वैभव पलंगाच्या कडेला बसला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही गेले असते तर. एवढंच म्हणाला.

"मी मरीन म्हून भेले तुमी," बापूराव म्हणाले. "पण मी नाई म्हणन, याचं भेव जास्त होतं तुमाले. वांग्यावर औषध माराच्या आधी मले बाटली वाचून दाखवतं तू. हे तं माह्या पोटात जात होतं रे."

आवाज चढला नव्हता. चढला असता तर वैभवला सोपं गेलं असतं.

ते वाचले. घरी आले तेव्हा निम्मे झाले होते. डॉक्टरांनी पुढचं त्यांच्यावर सोपवलं होतं. गोळी आणि पथ्य तर आहेच. स्ट्रिप सोबत असेल तर झटका टळण्याची आशा वाढते, हमी कशाचीच नाही. नको असेल तर पथ्य आणखी कडक करू आणि रक्त वारंवार तपासू, पण दोनदा झालंय, मला भीती वाटते, असं ते स्पष्ट म्हणाले होते. शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, पण बाजारात तेही बहुतेक माझ्यासारखंच, काचेतलं.

बापूरावांनी घरच्यांना सांगितलं, मले कोणी काही म्हणू नका. ते रोज मळ्यात जायचे आणि बांधावर बसायचे. मी खिडकीत होते, अर्धी भरलेली, कोणी हात न लावलेली. मला वाटायचं, घ्या हो ती स्ट्रिप, लवकर घ्या, वेळ नाही. पण उतावीळपणानंच तर सगळं बिघडवलं होतं. वैभवलाही वडिलांचा जीव वाचवायची घाईच होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी ते मळ्यातून आले आणि ओट्यावर सगळ्यांना बोलावलं.

"वांग्यातली अळी मारतो मी," ते म्हणाले. "जलमभर मारली. तिले कधी हात नाई जोडले. मंग मासोळीच्या जिवाचं मोठं पुण्य सांगू कोणाले? पण म्हून मासोळी फुकटची होत नाई. मी ते औषध घेईन. डॉक्टर म्हणन तोवर. महंताले आपल्या तोंडानं सांगीन, पंगतीत बसू देतीन तं बसीन, नाई तं उठीन. पण लपून नाई. अन् लपवून तं नाईच नाई."

चतुराबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "अन् पोहे?"

"पोहे बंद," बापूराव म्हणाले. मग जरा वेळानं, "तेच जास्त जड जाईन."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खिडकीतून उचललं. मळ्याच्या कडेला लिंबाच्या झाडाखाली खड्डा केला आणि माझ्या पोटातल्या उरलेल्या सगळ्या कॅप्सूल त्यात ओतल्या. उन्हं उतरली होती, त्या पिवळ्या थेंबांत प्रकाश अडकला होता. माती ओढण्याआधी त्यांनी हात जोडले आणि आपल्या पंथात माणसं माणसांना म्हणतात ते म्हणाले: "दंडवत प्रणाम."

जाळ्यापासून कारखान्यापर्यंत, काचेपासून मोरीपर्यंत, त्या माशांना कोणीही नमस्कार केला नव्हता. माझ्या मासोळीला लोकांनी चित्र म्हणून पाहिलं, मग लाज म्हणून खरवडलं. ती जीव होती, हे त्या माणसाला आठवलं, ज्याच्यापासून आम्ही सगळ्यांनी ती लपवली होती.

मंजुषानं मला राखेनं घासलं, उन्हात वाळवलं आणि मेथीचं बी भरलं. मग कागदाची एक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: मेथी, यंदाचं बी. तशीच एक पट्टी तिनं स्ट्रिपच्या खोक्यावर लावली आहे: मासोळीचं तेल, सकाळी दोन, संध्याकाळी दोन. वैभवनं ती वाचली आणि खाली आपल्या हातानं आणखी एक ओळ जोडली, डॉक्टरला विचारल्याशिवाय बदलायचं नाही.

रोज सकाळी बापूराव या खिडकीशी येतात. मंजुषा आता त्यांच्या तळहातावर काही ठेवत नाही. ते स्वतः खोकं काढतात, पट्टीवरची अक्षरं बोटानं वाचतात, हात जोडतात आणि गिळतात. मागच्या तपासणीत रक्तावर साय धरली नव्हती. पुढचं कोणालाच माहीत नाही.

माझं मागणं मोठं नाही. माझ्यासारख्या बाटल्या अजून काचेत उभ्या आहेत, दिव्याखाली चमकत. घ्यायचीच असेल तर आधी फिरवून मागची बाजू वाचा. डॉक्टरांनी दिलेल्याच्या जागी घेत असाल तर ठेवून द्या आणि आधी त्यांना विचारा. आणि ज्याच्या तळहातावर ती कॅप्सूल ठेवणार आहात, त्याला ती कशाची आहे ते सांगा. तो नाही म्हणाला, तरीही सांगा.

आज माझ्या पोटात मेथी आहे आणि माझ्यावर मेथी असं लिहिलं आहे. मोठ्या अक्षरांत. बारीक अक्षरांत काहीही नाही.